अनुस्वार

एकतीस वर्षं मी ठाण्याच्या कोर्टात टाइप केलं:
सरकार विरुद्ध अमुक. सरकार विरुद्ध तमुक.
ज्याचं डोकं फुटलं, जिची पर्स गेली,
ते शीर्षकात कधीच नसत.
ते आत कुठेतरी, पान तीनवर,
साक्षीदार क्रमांक एक.

कोर्टनाक्यापासून तुरुंग इतका जवळ
की निकालाची शाई वाळायच्या आत माणूस आत.
दोन-तीन वर्षांनी तोच पुन्हा समोर उभा.
मी जुना कागद शोधून काढायचे,
तारीख बदलायचे, कलम बदलायचे,
बापाचं नाव तेवढं तसंच राहायचं.

एकदा एकाने शिक्षा ऐकली आणि हात जोडले,
“साहेब, त्या म्हातारीशी एकदा बोलू द्या.”
साहेब मला म्हणाले, हे घेऊ नका, बाई.
मी घेतलं नाही.
बाकीचे कागद विसरले,
ती न लिहिलेली ओळ पाठ आहे.

निवृत्तीनंतर मी कोर्टासमोरच बसू लागले,
निळ्या ताडपत्रीखाली, लोकांचे अर्ज टाइप करत.
त्याच साली दिवाळीच्या आधी, चरईत,
हातात भाजीची पिशवी, मागून बाइक आली.
चेन गेली. मी फुटपाथच्या कडेवर पडले.
डावी करंगळी तेव्हापासून वाकत नाही.

टायपिंग येणाऱ्यांना लगेच कळेल:
माझ्या मशिनवर डाव्या करंगळीखाली अनुस्वार आहे.
तो गेला की ‘त्यांचा’चा ‘त्याचा’ होतो.
सगळ्यांचं असलेलं
एकट्याच्या अंगावर येतं.

पोरगा सापडला. सतरा वर्षांचा.
नाव सांगत नाही, कायद्याने सांगता येत नाही.
विधिसंघर्षग्रस्त बालक:
हा शब्द मी शेकडो वेळा न चुकता टाइप केलेला,
त्याच्या पायात काय असतं ते पाहिलं नव्हतं.
(दोन वेगवेगळ्या चपला. एक निळी.)

मंडळाकडून विचारणा आली, भेटाल का?
भाचा म्हणाला, सडू दे. भाजीवाला म्हणाला, सडू दे.
मीही म्हणाले. खोटं कशाला बोलू.
पण त्या म्हातारीची ओळ
रात्री मशिनशिवाय टाइप होत राहिली.

दळवी मॅडमनी शाळेच्या माळ्यावर चार खुर्च्या मांडलेल्या,
मध्ये टेबल नाही.
हात कुठे ठेवावेत मला कळेना.
एकतीस वर्षांत कुणी कुणाला विचारताना
ऐकलं नव्हतं, ते मी विचारलं:
“मी पडले तेव्हा मागे वळून पाहिलंस का?”

बराच वेळ गप्प.
“पाहिलं. तुमचे टोमॅटो घरंगळत होते.”
मग म्हणाला, “अजून घरंगळतात.”

त्याची आई कळव्याच्या डोंगरावरून आलेली.
तिने न विचारता माझी करंगळी हातात घेतली,
बंद पडलेलं घड्याळ कानाशी धरून बघतात
तशी बघितली, आणि परत दिली.

चेन मिळाली नाही. ती वितळली:
थोडी बाइकवाल्याकडे, थोडी सोनाराकडे,
उरलेली तीन महिन्यांच्या थकलेल्या भाड्यात.

ठरलं ते असं: वर्षभर, दर शनिवारी
त्याने माझ्या डावीकडे बसायचं.
मी मान हलवली की अनुस्वार द्यायचा.
पहिल्या दिवशी सगळी टिंबं पुढच्या अक्षरावर.
तहसीलदारांना काय वाटलं असेल कोण जाणे.
मध्ये दोन शनिवार आला नाही.
तिसऱ्याला आला, काही न बोलता रिबन बदलली.

काल एका बाईंचा अर्ज होता, ‘त्यांना सोडू नका.’
त्याने टिंब बरोबर जागी दिलं
आणि ते वाक्य वाचत बसला.

बाइकचा आवाज आला की
माझा हात अजून गळ्याशी जातो.
तोही मग थांबतो,
बोट बटणावर तसंच ठेवून,
मी हात खाली आणेपर्यंत.